सोळाव्या टीवरचा दुसरा बॉल

मियोशी कंट्री क्लबच्या वेस्ट गोल्फ कोर्सचं सोळावं होल पार-३ आहे, म्हणजे तीन शॉटमध्ये संपवायचं. ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या, डाव्या बाजूला जमीन एकदम खाली कोसळते. पुरुषांची टोकाई क्लासिक स्पर्धा याच कोर्सवर होते आणि तिथेही या होलने भल्याभल्यांची कार्डं बिघडवली आहेत. फोरसम्समध्ये, म्हणजे जोडीने एकच बॉल आळीपाळीने मारायच्या प्रकारात, मात्र त्या उतारापेक्षा होलचा आकडा जास्त त्रास देतो. सोळा, म्हणजे सम.

जपानच्या आइची प्रांतातल्या या कोर्सवर २०१५ ते २०१७ अशी तीन वर्षं, डिसेंबरच्या सुरुवातीला, 'द क्वीन्स' ही सांघिक स्पर्धा झाली. जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि युरोप या चार महिला टूरचे संघ, प्रत्येकी नऊ खेळाडू. २०१५ आणि २०१७ मध्ये जपान जिंकला, २०१६ मध्ये कोरिया. या खेळाडू वर्षभर स्ट्रोक प्ले (एकूण शॉट मोजायचा प्रकार) खेळतात, एकेकट्या, स्वतःच्या बॉलने. वर्षाच्या शेवटी त्यांना जोडीने एकच बॉल आळीपाळीने मारायला सांगायचं, म्हणजे हाताला लागलेल्या सगळ्या सवयी मोडायला लावायच्या. मॅचबरोबर चालणाऱ्या माझ्यासारख्या रेफरीचं निम्मं काम या सवयींवर नजर ठेवण्याचं असतं.

फोरसम्सचा नियम वाचायला सोपा आहे. एकीने विषम होलवर टी-शॉट (होलचा पहिला शॉट) मारायचा, दुसरीने सम होलवर. त्यानंतर होल पूर्ण होईपर्यंत आळीपाळीने. पेनल्टी लागली म्हणून पाळी बदलत नाही. चुकीच्या जोडीदाराने शॉट मारला, तर मॅच प्लेमध्ये, म्हणजे जिथे एकेक होल जिंकायचं असतं तिथे, होल गेलं. पुष्कळांचा इथे एक घोटाळा होतो. दोन संघांमधली पाळी चुकली, म्हणजे जवळच्या बॉलवाल्यांनी आधी मारलं, तर पेनल्टी नसते. प्रतिस्पर्धी तो शॉट रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतात, एवढंच. जोडीच्या आतली पाळी चुकली, तर थेट होल जातं.

म्हणून पहिल्या टीवर माझ्या कार्डावर चार नावांपुढे 'सम' किंवा 'विषम' लिहिलेलं असतं. शिवाय प्रत्येकीच्या बॉलची कंपनी, नंबर आणि पेनने केलेली खूण. एकाच मेकचा बॉल वापरायची अट लावलेली नसेल, तर जोड्या होलगणिक बॉल बदलतात: पार-४ वर दुसरा शॉट जी मारणार तिच्या सवयीचा बॉल, पार-३ वर टीवरचीचा. म्हणजे बॅग उचलणाऱ्या कॅडीच्या खिशात दोन प्रकारचे बॉल असतात. नेमका कोणता खेळात आहे याची नोंद मी ठेवली नाही, तर पुढे गवतात सापडलेला बॉल कोणाचा यावर वाद होऊ शकतो.

सम-विषमची वाटणीही उगाच केलेली नसते. कोणाला किती पार-३ येतात, लांब मारणारीला कोणते पार-५ मिळतात, हे बघून कॅप्टन ठरवते. मियोशीला सोळाव्याचा टी-शॉट समवालीच्या गळ्यात पडतो. मॅच त्या सुमाराला बहुधा अटीतटीची असते, म्हणून लांब आयर्न सरळ मारणारी, शांत डोक्याची खेळाडू तिथे हवी. त्यातून डिसेंबरच्या गारठ्यात बॉल कमी उडतो. उन्हाळ्यात जिथे सहा नंबरचं आयर्न पुरतं तिथे पाच लागतं. आखूड पडायच्या धास्तीने जोर लावला की उजव्या हाताने खेळणारीचा बॉल डावीकडे खेचला जातो.

त्या दिवशी तेच झालं. समवालीची जोडी एका होलने पुढे होती. प्रतिस्पर्ध्यांचा बॉल आधीच ग्रीनवर, झेंड्यापासून साधारण आठ मीटर. समवालीने मारलेला बॉल डावीकडे वळत उताराच्या कडेवरून दिसेनासा झाला. तिने वळून कॅडीपुढे हात केला. स्ट्रोक प्लेमध्ये हजार वेळा केलेली हालचाल: दुसरा बॉल घ्यायचा, 'प्रोव्हिजनल' (पहिला सापडला नाही तर धरायचा तात्पुरता बॉल) म्हणायचं आणि मारायचा.

फोरसम्समध्ये तो बॉल तिचा नसतो. जोडीचा पुढचा शॉट ज्या खेळाडूचा, तिनेच प्रोव्हिजनल मारायचा. विषमवाली तोवर ग्रीनकडे जाणाऱ्या वाटेला लागली होती. पार-४ वर तर ती दोनशे यार्ड पुढे उभी असते आणि टी-शॉट हद्दीबाहेर गेला की सगळा फेअरवे मागे चालत यावा लागतो. मी हात वर करून समवालीला थांबवलं. होऊ घातलेली चूक दिसत असताना गप्प राहून मग होल काढून घेणारा रेफरी मला पटत नाही. नियमही रेफरीला आधी सावध करायची मुभा देतात. विषमवाली परत आली, तिने आपला वेगळ्या खुणेचा बॉल घेतला, प्रोव्हिजनल असल्याचं सांगितलं आणि मारला. थांबला झेंड्यापासून दीड मीटरवर.

खरी गुंतागुंत इथून सुरू झाली. पहिला बॉल सापडला, तर जोडीचा दुसरा शॉट विषमवालीचा, उतारावरून. हरवला, तर प्रोव्हिजनल हा तिसरा शॉट ठरतो, तो तिने मारलाय, म्हणून चौथा, दीड मीटरचा पट (ग्रीनवरून भोकाकडे ढकलायचा शॉट), समवालीचा. टीवरून ग्रीनपर्यंत चालताना पुढचा शॉट कोणाचा हेच दोघींना माहीत नव्हतं. आणि दीड मीटरवरून जवळजवळ पक्के चार दिसत असताना त्या उतारावर जाऊन बॉल शोधायची हौस कोणाला असणार? त्या शोधायला गेल्याच नाहीत.

प्रतिस्पर्धी मात्र गेले. त्यांना तो हक्क आहे, आणि त्यांच्या जागी मीही गेलो असतो. तेव्हा शोधायला पाच मिनिटं मिळत, २०१९ पासून तीन मिळतात. पण हे घड्याळ बॉलची मालक जोडी किंवा तिचे कॅडी शोधायला लागले की सुरू होतं. प्रतिस्पर्ध्यांनी शोधल्याने होत नाही. 'आमचा बॉल हरवला' असं नुसतं जाहीर करूनही तो हरवत नाही.

समवाली झपझप ग्रीनवर पोचली आणि मला विचारलं, पट मारू का? नियमांची माहिती देणं म्हणजे सल्ला नव्हे, म्हणून पूर्ण उत्तर दिलं. पहिला बॉल जिथे असण्याची शक्यता आहे त्यापेक्षा झेंड्याच्या जवळून प्रोव्हिजनल मारला की पहिला तत्क्षणी हरवल्यात जमा. पण आठ मीटरवर प्रतिस्पर्ध्यांचा बॉल आहे, म्हणजे पाळी तुमची नाही. ते पट रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतात. तसं केलं तरी पहिला बॉल जिवंत होत नाही. थोडक्यात, घाई केली तर फायदा होता, आणि तो नियमात बसणारा होता. ती पटर हातात घेऊन विचार करत असतानाच खालून प्रतिस्पर्ध्यांच्या कॅडीची हाक आली. बॉल सापडला होता. कंपनी, नंबर, खूण सगळं जुळलं. प्रोव्हिजनल उचलायला सांगितला.

आता शॉट विषमवालीचा. हिवाळ्यात वाळून पिवळ्या पडलेल्या गवतात बॉल पायांच्या बराच खाली होता. बॉल अनप्लेएबल, म्हणजे मारता न येण्यासारखा, ठरवायचा तर एका पेनल्टीने तीन पर्याय: दोन क्लबच्या अंतरात ड्रॉप, झेंडा आणि बॉल यांच्या रेषेत मागे ड्रॉप, किंवा पुन्हा टी. २०१९ आधीच्या त्या नियमांत ड्रॉपही तिनेच करायचा होता, जोडीदाराने नाही. टीवर परत गेली असती तरी मारायचं तिनेच, कारण पेनल्टीने पाळी बदलत नाही. म्हणजे नुकताच दीड मीटरवर टाकलेला शॉट, त्याच मोजणीत, पुन्हा एकदा. तिने सँड वेजने तिथूनच मारलं. बॉल ग्रीनच्या कडेला आला, समवालीने तो मीटरभरावर नेला, विषमवालीने पट घातला. चार. प्रोव्हिजनलनेही बहुधा चारच झाले असते. प्रतिस्पर्ध्यांनी दोन पट घेऊन तीन केले आणि मॅच बरोबरीत आली.

त्यांचा शेवटचा पट हातभर होता, तरी कोणी तो सोडला नाही, म्हणजे न खेळताच घातला असं मानलं नाही, आणि तो खेळला जाईपर्यंत मी दोन्ही जोड्यांच्या तोंडाकडे बघत होतो. 'द क्वीन्स' पहिल्यांदा झाली त्याच्या तीनच महिने आधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, जर्मनीतल्या सोलहाइम कपमध्ये, म्हणजे युरोप आणि अमेरिकेच्या महिला संघांच्या स्पर्धेत, अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीने पट सोडला असं समजून सतराव्या होलवर बॉल उचलला होता. युरोपच्या सुझान पीटरसनने तो सोडला नसल्याचं सांगितलं आणि अमेरिकेने ते होल गमावलं. तीन-चार भाषा बोलणाऱ्या मैदानावर मान हलली म्हणजे पट सोडला असं मी धरत नाही. स्पष्ट शब्द किंवा स्पष्ट हातवारा लागतो.

सतराव्या टीवर आधी मारायचा मान प्रतिस्पर्ध्यांचा. डिसेंबरात आइचीत पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि सोळाव्यावर बराच वेळ गेला होता, म्हणून सगळ्यांचीच लगबग चाललेली. सोळाव्याचा शेवटचा पट विषमवालीने घातलेला, त्यामुळे आता आपली पाळी असं वाटून समवालीने ड्रायव्हर काढला. नव्या होलवर आदल्या होलचा शेवटचा शॉट कोणी मारला याला काहीच अर्थ नसतो. मी कार्डावरचा 'विषम' शब्द तिच्यापुढे धरला. तिने ड्रायव्हर बॅगेत ठेवला आणि जोडीदाराच्या बॉलची खूण मला दाखवायला सांगितली.