वाळवणाची खोली

साताऱ्यात नुसती भुरभुर होती, म्हणून मी सँडल घालूनच निघाले. यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत वायपर जोरात करावे लागले आणि कास ओलांडून बामणोलीच्या उताराला लागले तेव्हा बोनेटच्या पुढचं काही दिसेना. जुलैचा दुसरा आठवडा. फोन आदल्या रात्री आला होता. "ताई, मागची माती आली खाली. एकदा बघून जावा."

घर कुणाचं, कुठल्या वाडीतलं, ते सांगत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. मूळ गाव धरणात गेलं तेव्हा माणसं वर सरकली आणि दगडमातीचं घर बांधून राहिली. थोरला मुलगा वाशीच्या मार्केटात, धाकटा साताऱ्यात नोकरीला. आबा, आजी आणि थोरल्या वहिनी गावी. आता दिवाळी-जत्रेला सगळे मावतील असं नवं घर हवं होतं, आणि त्याची आर्किटेक्ट मी. धाकट्यानं मला फोनवर तीसेक फोटो पाठवले होते. निम्म्या फोटोंत बर्फ होता. दुमजली काच, काळं लोखंड, मधोमध फायरप्लेस, सोफ्यावर पांढरी शाल. खाली एकच ओळ: "मॅडम, असं उबदार पाहिजे."

फोटोंना मी हसले, पण वाहवले मीही. एप्रिलमध्ये जागा बघितली तेव्हा पश्चिमेला खाली निळं पाणी, पलीकडे जंगलाची काळी कड. कुणाला मोह होणार नाही? मी नकाशात पश्चिमेला अठरा फूट लांब काच काढली आणि घर पाठीमागच्या उताराला टेकवलं. त्यासाठी डोंगर बारा फूट सरळ कापावा लागणार होता. नकाशे पक्के व्हायच्या आधीच मंडळींनी हौसेनं जेसीबी बोलावून मे महिन्यात ते काम उरकून टाकलं. मला कळलं तेव्हा "पावसाळ्यानंतर करायचं होतं हो," एवढंच मी म्हटलं. जरा जोरात म्हणायला हवं होतं.

कापलेला उतार आता रडत होता. वर लाल माती, तिच्याखाली पिवळट चिकण, तळाला काळा खडक. लाल माती आणि चिकण यांच्या सांध्यातून करंगळीएवढ्या सात-आठ धारा एका ओळीत पडत होत्या, नळ सोडावेत तशा. एप्रिलमध्ये तिथं धूळ उडत होती. माथ्यावरचा जांभा सच्छिद्र, पाऊस पिऊन घेतो. पाणी खाली झिरपतं, चिकणीवर अडतं आणि वाट मिळेल तिथून आडवं बाहेर पडतं. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि बरोबर त्या धारांच्या रेषेवर धाकट्याच्या बेडरूमची मागची भिंत काढली होती.

डाव्या कोपऱ्यात दोन ट्रॉली माती खाली बसली होती. त्याची भीती नव्हती. बाजूनं वर चढून गेले तर काठापासून चार हातांवर जमिनीला चीर गेलेली, गवतात लपलेली. तिच्यात छत्री घातली तर मुठीपर्यंत गेली. २०२१ च्या जुलैत याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावमध्ये घरांवर दरडी आल्या होत्या. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर नोंदला गेला होता. चिरेशी उभी असताना दुसरं काही आठवेना. आधी सगळ्यांना खालून लांब केलं. मग चिरेच्या बऱ्याच वर आडवा चर मारून पाणी शेजारच्या ओढ्याकडे काढायला लावलं. तिथं घर होणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं. धाकटा काही बोलला नाही. जेसीबीचे पैसे त्यानंच दिले होते.

तेवढ्यात खालच्या मोरीवर पाणी आल्याचा निरोप आला. म्हणजे गाडी अडकली.

मी निथळत जुन्या घराच्या ओट्यावर चढायला लागले तर वहिनी आतूनच ओरडल्या, "पुढनं नगं ताई, मागनं या."

माझा तो दिवस खऱ्या अर्थानं त्या मागच्या पडवीत सुरू झाला. वळचण इतकी खाली उतरलेली, की वाकूनच आत शिरावं लागलं. पश्चिमेच्या बाजूला गवताच्या झडी बांधलेल्या. पाऊस त्यांच्यावर आडवा आपटत होता आणि आत थेंब नव्हता. एक वाजता लावणीवरची माणसं आली. सात जण. कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर कुणाचं इरलं, कुणाचा प्लास्टिकचा कागद. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. इरली खुंटीला, पाय दगडावर, घागरीतलं कढत पाणी पायांवर, ओली लुगडी दोरीवर, आणि ज्याची-त्याची पाठ चुलीकडे. चुलीवर हातभर उंचीला कामट्यांची मांडणी टांगलेली. तिच्यावर लाकडं, बियाण्याचं गाठोडं, नातवाच्या चड्ड्या आणि शाळेचे बूट. सगळं धुरकट, पण खडखडीत कोरडं. मिठाची बरणी चुलीला चिकटून. काड्यापेटी तांदळाच्या डब्यात. आजींनी माझ्या सँडल न विचारता उचलल्या आणि बुटांशेजारी ठेवल्या.

फोनवर तापमान बघितलं तर २० अंश. याला काही कुणी कडाक्याची थंडी म्हणणार नाही. तरी मी कुडकुडत होते, कारण मी ओली होते. आमच्या ह्या डोंगरात ऊब म्हणजे कोरडेपणा. चार महिने बाकी कशालाच ऊब म्हणत नाहीत. मी मात्र बर्फातल्या घरांचे फोटो समोर ठेवून बसले होते.

शेणानं सारवलेल्या जमिनीवर प्लॅन पसरला आणि ही सात माणसं यात कुठून येणार, ते बोटानं काढून बघितलं. काचेच्या दारातून, सोफ्यावरून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून न्हाणीत. माझ्या प्लॅनमध्ये ओलं माणूस नव्हतंच.

आबांचं लक्ष वेगळीकडे होतं. "वर स्लॅब हाय का?" ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मातीत रचलेल्या भिंतीचा दगड झोपलेल्या चुलत्याच्या पायावर आला होता. तेव्हापासून डोक्यावर जड काही नको म्हणतात. ह्यात मी त्यांच्याशी वाद घालणार नव्हते.

नवा प्लॅन पंधरा दिवसांत झाला. घर उतारापासून लांब, एका अंगाला, पक्क्या जागी सरकवलं आणि चार फुटांच्या फरकानं दोन पायऱ्यांत बसवलं. जांभ्याच्या भिंती, पण भूकंपात त्या एकसंध राहाव्यात म्हणून जोत्याला, खिडकीखाली, खिडकीवर लिंटलला आणि माथ्याला काँक्रीटचे सलग पट्टे. वर लोखंडी कैच्या, पत्रा आणि त्यावर कौलं. पश्चिमेची काच अठरावरून सहा फुटांवर आली, तीही आठ फुटी पडवीच्या आत, बसलं की पाणी दिसेल अशी. मोठ्या खिडक्या दक्षिणेला नेल्या. डिसेंबरात भर दुपारचं ऊन इकडं क्षितिजापासून ४९ अंशांच्या कोनात, तिरपं येतं. अडीच फुटी छज्जा असूनही ते साडेतीन फूट आत येतं.

आणि मागच्या दारालगत सहा बाय आठची एक खोली. एका भिंतीला स्वयंपाकघराची चूल, दुसरीला बंब, दोन्हींचं धुराडं जाळीच्या आडोशानं ह्या खोलीतून वर जातं. आडव्या सळया, खाली दगडी फरशीला उतार, माथ्यावर झरोका. त्यासाठी हॉल तेवढाच लहान झाला आणि धाकटा चिडला. "कपडे वाळवायला एवढी खोली? ड्रायर घेऊ की मॅडम." लाईट किती दिवस नसते, हे वहिनींनी त्याला बोटांवर मोजून दाखवलं. एका हाताची बोटं पुरली नाहीत.

घर पुरं झाल्यावरच्या पहिल्या जुलैत पुन्हा गेले, या वेळी गमबूट घालून. मागनंच आत शिरले. सळयांवर लुगडी, घोंगडी, धाकट्याची ऑफिसची पँट. फायरप्लेसचा विषय त्यानं काढला नाही. काच अजून दोन फूट मोठी हवी होती, हे मात्र ऐकवलंच. आणि खाली, बंबाच्या भिंतीला अंग घासून, पोत्यावर शेळीची दोन करडं झोपलेली. ती जागा मी लाकडांसाठी काढली होती.