ट्यूब टाकली, पण कॉलम हलत नाही

पहिल्या वर्षाचे रेसिडेंट हमखास विचारतात: "आयसीडी टाकली, टाके घेतले, बाटली जोडली; पण कॉलम हलतच नाही. चुकलं कुठे?"

आयसीडी म्हणजे छातीत साठलेली हवा किंवा द्रव काढायला बरगड्यांमधून टाकलेली ट्यूब, आणि कॉलम म्हणजे बाटलीतल्या नळीतला, श्वासाबरोबर वरखाली होणारा पाण्याचा स्तंभ. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बहुतेक वेळा चूक ट्यूब हातात घेण्याआधीच झालेली असते, म्हणून जागेपासून सुरुवात करू. पेशंटचा हात डोक्यामागे घ्या. पुढे पेक्टोरॅलिस मेजर या छातीच्या स्नायूची कडा, मागे लॅटिसिमस डॉर्साय या पाठीच्या स्नायूची, खाली पाचवी इंटरकॉस्टल स्पेस (दोन बरगड्यांमधली जागा) आणि वर काख. या त्रिकोणात, मिड-ॲक्सिलरी लाइनच्या (काखेच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेच्या) जरा पुढे. स्त्रियांमध्ये निपलच्या पातळीवर विसंबू नका, स्टर्नल अँगलजवळची (छातीच्या मधल्या हाडावरच्या उंचवट्याजवळची) दुसरी बरगडी चाचपून तिथून मोजत या. श्वास सोडताना डायफ्राम पाचव्या बरगडीपर्यंत चढतो. एक स्पेस खाली घसरलात की ट्यूब लिव्हरमध्ये किंवा स्प्लीनमध्ये.

भूल देताना कंजूषी नको. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ३ मिग्रॅ धरली, तर ५० किलोच्या पेशंटला १५० मिग्रॅ म्हणजे २ टक्क्यांचं साडेसात मिली. तेवढंच सलाइन मिसळलंत की १ टक्क्याचं १५ मिली मिळतं, तेही सगळं त्वचेखालीच संपवू नका. खरं दुखतं ते पेरिऑस्टियम (बरगडीवरचं आवरण) आणि प्लुरा (फुप्फुसाभोवतीचं आवरण). पिस्टन ओढत सुई पुढे न्या. हवा किंवा द्रव आला तर जागा बरोबर. काहीच आलं नाही तर त्या जागी ट्यूब टाकू नका, एक्सरे पुन्हा बघा, सोनोग्राफी मिळत असेल तर करा.

चीर बरगडीला समांतर, दोन-तीन सेंटीमीटर. लहान चिरेत बोट जात नाही, आणि पुढचं सगळं त्या बोटावरच आहे. आर्टरी फोर्सेप्स (चिमटा) खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून सरकवा. वरच्या बरगडीच्या खालच्या खोबणीत व्हेन, आर्टरी, नर्व्ह असतात. फोर्सेप्स आत गेली की बंद करू नका, उघडतच बाहेर काढा. प्लुरा फुटताना हाताला 'टप्' असं जाणवतं, हवा किंवा द्रव बाहेर येतो. आता बोट आत घाला आणि गोल फिरवा. गुळगुळीत भिंत लागली, फुप्फुस बोटाला येऊन टेकलं, तर तुम्ही प्लुरात आहात. चिकटलेलं असेल तर ते इथेच कळतं. टीबीच्या जुन्या पेशंटमध्ये हे नेहमीचंच. ट्रोकारच्या (ट्यूबमधल्या टोकदार सळईच्या) टोकाला काही कळत नाही. सेटमध्ये तो आला असेल तर काढून बाजूला ठेवा.

हिमोथोरॅक्सला (छातीत रक्त साठलं असेल तर) २८ ते ३२ फ्रेंच जाडीची ट्यूब. ट्यूब फोर्सेप्सच्या टोकात धरून बोटाच्या मार्गाने सरकवा. शेवटचं भोक आतच हवं, नाहीतर हवा त्वचेखाली शिरते आणि मान-चेहरा सुजतो. एक्सरेत रेडिओपेक रेघ जिथे तुटलेली दिसते तेच ते भोक. ते बरगड्यांच्या आत दिसलं पाहिजे. बाहेर राहिलं असेल तर ट्यूब पुन्हा आत ढकलू नका, बाहेरचा जंतू आत जातो. नवीन टाका.

आता तुमचा कॉलम. आधी पेशंटला खोकायला सांगा. तरीही हलला नाही तर कुठे पीळ पडलाय का, क्लॉट अडकलाय का, खाली लोंबणाऱ्या वळशात द्रव साठलाय का, ते पाहा. बाटलीतलं टोक पाण्याखाली २ सेंटीमीटरच हवं. सक्शन चालू असेल तर हलणं तसंही दिसत नाही. हे सगळं ठीक असेल तर दोनच शक्यता उरतात: फुप्फुस पूर्ण फुगलंय, किंवा ट्यूब प्लुरात नाहीच. ठरवायला स्टेथो आणि एक्सरे. जाड पेशंटमध्ये दुसरी शक्यता आधी धरा, ट्यूब चरबीतून बरगड्यांवरून वर सरकलेली असते.

जुना इफ्यूजन (प्लुरात साठलेला द्रव) असेल तर एका वेळी दीड लिटरच्या वर काढू नका. दबलेलं फुप्फुस झपाट्याने फुगलं की त्यात पाणी भरतं. ताज्या मारात उलट: ट्यूब टाकताच दीड लिटर रक्त आलं, किंवा नंतर दोन-चार तास तासाला २०० मिली येत राहिलं, तर सीनियरला फोन करा आणि थिएटर कळवा.

आणि एक्सरेला नेताना बुडबुडे येणारी ट्यूब क्लॅम्प करू नका. बाटली पेशंटच्या मांडीवर ठेवायची वॉर्डबॉयची सवय असते, तिच्यातलं पाणी छातीत जाऊ शकतं. ट्रॉलीच्या खालच्या दांडीला बांधा.