बेकमनच्या 'डिसेंट फ्रॉम द क्रॉस'ची कॉपी : ख्रिस्ताचं शरीर झालं

जर्मन चित्रकार मॅक्स बेकमनच्या १९१७ च्या 'डिसेंट फ्रॉम द क्रॉस' म्हणजे ख्रिस्ताचं शरीर क्रूसावरून उतरवतानाच्या चित्राची कॉपी चालू आहे, तिचा हा पुढचा टप्पा. मूळ कॅनव्हास १५१.२ बाय १२८.९ सेंमी, माझा साधारण निम्मा, ७५ बाय ६४. ग्रिड मारून ड्रॉइंग आणि रॉ अंबरचं (मातकट तपकिरी रंगाचं) अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पहिला थर, आधीच झालं होतं, आता ख्रिस्ताचं पूर्ण शरीर रंगवून झालंय आणि हाच भाग सगळ्यात अवघड होता.

अवघड का, तर हात. जुन्या फ्लेमिश चित्रकार रुबेन्सचं अँटवर्पच्या कॅथेड्रलमधलं याच विषयाचं चित्र बघा, त्यात क्रूसावरून उतरवलेलं शरीर कसं सैल, मऊ होऊन खाली घसरतं आणि लोक ते झेलतात. बेकमनच्या ख्रिस्ताचे हात मात्र खाली काढल्यावरही तसेच ताठ पसरलेले, म्हणजे क्रूस मागे राहिला तरी शरीराने त्याचा आकार सोडलेला नाही. रेघ ओढताना माझं मनगट आपोआप ख्रिस्ताच्या कोपराशी बाक द्यायला जातं, सवयच असते आपली, तिथे प्रत्येक वेळी थांबून मूळ चित्राच्या फोटोशी ताडून बघत होतो.

बेकमन पहिल्या महायुद्धात स्वतःहून मेडिकल ऑर्डर्ली (रुग्णसेवक) म्हणून गेला, आधी पूर्व प्रशियात, मग बेल्जियममध्ये, आणि १९१५ मध्ये मानसिकदृष्ट्या पार कोसळला. नंतर फ्रँकफर्टला मित्राच्या घरी राहून त्याने पुन्हा रंगवायला घेतलं. प्रेत ताठल्यावर कसं दिसतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मला तरी हे हात बघून तेच वाटतं, की धार्मिक चित्रांच्या परंपरेत शरीराला जो मऊपणा देतात तो त्याला आता खोटा वाटत असणार.

आता रंगाचं. त्वचेसाठी टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, टेर व्हर्ट (मातकट हिरवा) आणि अगदी थोडा आयव्हरी ब्लॅक, लाल जवळजवळ नाहीच. युद्धाआधीचं त्याचं काम, म्हणजे १९१२ चं टायटॅनिकवालं चित्र वगैरे, ब्रशचे जाड फटकारे असलेलं होतं, इथे रंग पातळ आणि कोरडा आहे, कडा धारदार. म्हणून रंग पातळ करणारं टर्पेंटाइन जास्त, लिनसीड तेल अगदी नावाला, आणि ब्रश पुसून पुसून घासल्यासारखा लावला. जखमांच्या भोवती हिरवट-करडा आधी आणि तपकिरी त्यावर, मग त्या सुकलेल्या वाटतात.

सोबत जुना जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्ड याच्या इझेनहाइम वेदीचित्राचे (त्यातही क्रूसावरचा ख्रिस्त आहे) क्लोजअप उघडे ठेवले होते आणि त्याचा खूप फायदा झाला. बेकमनने १९१७ मध्येच आपल्या आवडत्या चित्रकारांत ग्रुनेवाल्डचं नाव लिहिलंय. पायांची बोटं आणि जखमी त्वचा कशी रंगवायची हे तिथून लगेच कळतं. पण वेदना तिथे किंचाळते आणि इथे सगळं गोठलेलं आहे, त्यामुळे तिथला कॉन्ट्रास्ट जसाच्या तसा घेऊन चालत नाही.

आणि या चित्राने काय काय पाहिलंय! फ्रँकफर्टच्या श्टेडेल म्युझियममध्ये होतं, नाझींनी जप्त केलं, १९३७ मध्ये म्युनिकच्या 'डिजनरेट आर्ट' (अधःपतित कला) प्रदर्शनात लोकांनी हसावं म्हणून टांगलं. त्याच जुलैमध्ये बेकमन जर्मनी सोडून अॅम्स्टरडॅमला गेला. आज ते चित्र न्यूयॉर्कच्या मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) मध्ये आहे, बेकमनचा डीलर कर्ट व्हॅलेंटिन याच्या मृत्युपत्रातून तिथे आलेलं. हे माहीत असल्यावर मला यातला एक सेंटिमीटरही घाईत उरकावासा वाटत नाही.

पुढे शिडी आणि खाली गुडघे टेकलेल्या दोन बायका. पावसाळ्यामुळे पायांवरचा थर अजून चिकट आहे, तो वाळेपर्यंत तिकडे हात लावणार नाही. कुणी अल्किड मीडियम (तैलरंग लवकर वाळावा म्हणून मिसळतात ते) वापरलं असेल तर वाळल्यावर चकाकी किती येते ते नक्की सांगा, कारण या चित्राला चकाकी अजिबात चालणार नाही.