शिफारस करणाऱ्याने वर्ग पाहिला आहे का?

एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ हा मुंबईतल्या शाळांचा आणि क्लासेसचा शिक्षक शोधण्याचा हंगाम असतो. दादरमधल्या ज्या संस्थेत मी शालेय मुलांच्या आणि प्रौढांच्या इंग्रजी वर्गांचे काम पाहते, तेथेही याच दिवसांत बायोडेटांचा ढीग साचतो, आणि जवळपास प्रत्येकाच्या तळाशी ‘संदर्भ’ म्हणून दोन नावे व दोन मोबाइल क्रमांक दिलेले असतात. मुलाखत होते, डेमो लेक्चर होते, सगळ्यांचे एकमत होते, आणि मग कार्यालयातले कोणीतरी त्या क्रमांकांवर फोन लावून ‘बाई कशा आहेत?’ असे विचारते. पलीकडून ‘छान आहेत, काही प्रश्नच नाही’ असे उत्तर येते आणि फायलीत बरोबरची खूण होते. एवढ्यावर कोणाच्या हाती वर्ग सोपवणे मला पटत नाही.

संदर्भ म्हणून नाव देताना उमेदवार साहजिकच वजनदार माणूस निवडतो. संस्थेचे सचिव, विश्वस्त, क्लासचे मालक अशी ही नावे असतात. या मंडळींना शिक्षिका वेळेवर येते का, रजा किती घेते, पालकांशी कशी बोलते हे ठाऊक असते, आणि ती माहितीही उपयोगाची असते. पण तिच्या तासाला मागच्या बाकावरचा मुलगा इंग्रजीत तोंड उघडतो की नाही, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नसते. ते माहीत असते पर्यवेक्षिकेला, विषयप्रमुखाला, किंवा शेजारच्या तुकडीला तोच धडा शिकवणाऱ्या सहकाऱ्याला. म्हणून फोनवरचा माझा पहिला प्रश्न उमेदवाराविषयी नसतोच. ‘त्यांचा वर्ग तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?’ असे मी विचारते, आणि उत्तर ‘तसा प्रत्यक्ष पाहिलेला नाही’ असे आले की ज्यांनी पाहिला आहे त्यांचे नाव मागते. ते मिळाले की उमेदवाराला कळवून, तिची हरकत नाही असे पाहूनच पुढचा फोन लावते. आपल्याकडच्या शाळांत मुख्याध्यापक पाठनिरीक्षण करून लॉगबुकमध्ये शेरे लिहितात. ज्यांच्याकडे त्या शेऱ्यांची छायाप्रत असेल त्यांनी ती अर्जाला जरूर जोडावी, कारण ‘प्रश्न विचारताना हुशार मुलांवरच भर दिसतो’ असा एखादा बोचरा शेरा आणि त्यानंतरच्या सत्रातला ‘सुधारणा जाणवते’ हा दुसरा शेरा, हे दोन्ही मिळून विश्वस्तांच्या गुळगुळीत शिफारसपत्रापेक्षा कितीतरी अधिक सांगतात.

गेल्या हंगामात उपनगरातल्या एका सेमी-इंग्रजी शाळेच्या पर्यवेक्षिकेशी एका उमेदवार शिक्षिकेविषयी झालेले बोलणे मला नमुन्यादाखल द्यावेसे वाटते. वर्ग शेवटचा कधी पाहिला, यावर त्यांनी थोडे आठवून ‘दिवाळीच्या सुट्टीनंतर, सहावीचा’ असे सांगितले. ‘त्या तासाला मुले काय करत होती?’ असे मी विचारले. शिक्षिका काय करत होती असे विचारले की सगळे कौतुकाच्या भाषेत बोलू लागतात. मुले काय करत होती असे विचारले की लोकांना आठवावे लागते. पर्यवेक्षिका म्हणाल्या, ‘मुलं जोड्यांनी काल काय काय केलं ते एकमेकांना सांगत होती. चुका भरपूर होत होत्या. पण ती मध्ये मध्ये तोडत नव्हती. चुकलेली वाक्यं नाव न घेता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि शेवटच्या पाच मिनिटांत मुलांकडूनच दुरुस्त करून घेतली. पहिल्यांदा मला वाटलं, हिचं लक्ष नाही की काय.’ इंग्रजी शिकवणाऱ्यांना या वर्णनाचे मोल वेगळे सांगायला नको. प्रवाहात बोलू द्यायचे आणि दुरुस्ती मागाहून करायची, हे अंगवळणी पडलेली शिक्षिका बोलायला घाबरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात किती उपयोगी पडेल, याचा अंदाज मला त्या तीन-चार वाक्यांत आला. शेवटी मी विचारले, ‘पुन्हा संधी आली तर तुम्ही त्यांना घ्याल का?’ त्यावर उत्तर आले, ‘पाचवी ते सातवीला डोळे मिटून घेईन. दहावीला देणार नाही. पेपरची तयारी करून घेणं तिला जमत नाही, आणि आवडतही नाही.’ आम्ही त्या शिक्षिकेची नेमणूक केली आणि परीक्षेच्या तयारीचे वर्ग तिला दिले नाहीत.

इंग्रजीच्या बाबतीत एक घोटाळा हमखास होतो. ‘बाईंचं इंग्रजी अगदी फर्डं आहे, कॉन्व्हेंटच्या आहेत’ ही शिफारस शिकवण्याविषयीची म्हणून खपून जाते. स्वतःला भाषा येणे ही पात्रता झाली. ती दुसऱ्याला बोलती करता येणे हे निराळे काम आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या, गिरणगावात किंवा डोंबिवलीत वाढलेल्या, कार्यालयात बढतीसाठी इंग्रजी हवे असलेल्या चाळिशीच्या माणसासमोर अस्खलित उच्चारांचा कधीकधी धाकच बसतो. म्हणून उमेदवाराच्या वर्गात विद्यार्थी कोण होते, हे मी खोदून विचारते. आयसीएसईच्या नववीला निबंध शिकवून मिळालेली वाहवा आमच्या प्राथमिक पातळीच्या संध्याकाळच्या वर्गाला लागू पडेलच असे नाही. उलट वर्गात वेळप्रसंगी मराठीचा नेमका आधार घेणारी शिक्षिका ‘इंग्रजीच्या तासाला मराठी बोलतात’ अशा तक्रारीसह आमच्याकडे येते, आणि ती तक्रार मी तिच्या बाजूनेही वाचून पाहते.

कागदोपत्री पडताळणीवर मी फार वेळ घालवत नाही, पण ती टाळतही नाही. बायोडेटावरच्या मोबाइल क्रमांकाऐवजी शाळेच्या मुख्य क्रमांकावर फोन करून संबंधित व्यक्तीला बोलावून घेतले, तर ‘मुख्याध्यापिका’ म्हणून मैत्रीण बोलत नाही ना याची खात्री होते. शाळा ओळखीची नसेल तर तिचा यूडायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला मिळणारा अकरा अंकी सरकारी क्रमांक, विचारावा. शाळांची ती माहिती ऑनलाइन पाहता येते. जीमेलचा पत्ता दिसला म्हणून मात्र संशय घेऊ नये, कारण आपल्याकडच्या कित्येक चांगल्या शाळांचा कारभार आजही त्याच्यावरच चालतो. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर उमेदवार स्वतःच्या यूएएन (निधीच्या सदस्य क्रमांकाच्या) खात्यातून सेवेचा तपशील काढून देऊ शकतो, आणि नोकरीच्या तारखांचा प्रश्न मिटतो. तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना मात्र तीही सोय नसते. प्रमाणपत्रांत फरक करावा लागतो. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमात किमान १२० तासांच्या शिक्षणाबरोबर खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावे लागते आणि त्याचे मूल्यमापन होते. ‘१२० तासांचे टेफल’ (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण) असे छापलेल्या अनेक ऑनलाइन प्रमाणपत्रांत एकही तास शिकवलेला नसतो. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकालही मूळ स्रोतावरूनच तपासावा. २०१९-२० च्या परीक्षेतला गुणवाढीचा गैरव्यवहार पुणे पोलिसांनी उघडकीस आणला आणि २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली, हे फार जुने झालेले नाही.

सध्याच्या नोकरीच्या ठिकाणी उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय फोन करू नये, याबाबत मी अगदी कडक आहे. ‘तुमच्या बाई आमच्याकडे मुलाखतीला आल्या होत्या’ एवढे एक वाक्य एखाद्या शिक्षिकेचा मे महिन्याचा पगार अडकवायला पुरेसे ठरते. शिवाय काही संस्था चांगला शिक्षक सोडून जाऊ नये म्हणून अनुभवाचा दाखला देत नाहीत, आणि मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेणाऱ्याही आहेत. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या आधीच्या क्लासने त्यांच्याविषयी ‘अत्यंत भांडखोर’ असे सांगितले. भांडण कशावरून झाले, असे विचारल्यावर बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर कळले की थकलेल्या मानधनावरून. अशा वेळी मालकाचे म्हणणे बाजूला ठेवून त्यांच्या बरोबर शिकवणाऱ्या सहकाऱ्याशी आणि एखाद्या माजी प्रौढ विद्यार्थ्याशी बोलणे अधिक न्याय्य ठरते. वाईट शेरा आला की तो उमेदवारापुढे ठेवून त्याची बाजू ऐकावी, एवढे तर कोणालाही करता येते.

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मी या सगळ्यापासून वेगळा ठेवते आणि तो कधीही आडवळणाने विचारत नाही. ‘विद्यार्थ्यांशी वागण्याबाबत यांच्याविरुद्ध कधी तक्रार, चौकशी किंवा ताकीद झाली होती का?’ हा प्रश्न फोनवरही आणि ईमेलवरही, याच शब्दांत जातो. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कायम असो वा कंत्राटी, सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करणे बंधनकारक आहे, आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंग केंद्रांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतही नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला नेमू नये असे म्हटले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना घडली आणि मगच बऱ्याच ठिकाणी या फायली उघडल्या गेल्या. पण पोलीस पडताळणी फक्त नोंदलेल्या गुन्ह्यांविषयी बोलते. ज्या प्रकरणात ‘संस्थेचे नाव खराब नको’ म्हणून राजीनामा घेऊन विषय मिटवला गेला, त्याचा माग फक्त आधीच्या संस्थेकडेच असतो, आणि तीच संस्था गोड दाखला देऊन मोकळी झालेली असते. शिक्षणसंस्थांच्या कारभारातल्या अनेक गोष्टी मी समजून घेऊ शकते, ही नाही.

खरे सांगितले तर बदनामीचा दावा होईल, ही भीती अनेक मुख्याध्यापकांच्या मनात असते. सद्भावनेने, आपल्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी केलेले विधान बदनामी ठरत नाही, हा अपवाद जुन्या दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्ये होता आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही कायम आहे. मत देण्याऐवजी घडलेली गोष्ट तारखेसह सांगावी, ऐकीव काही सांगू नये, आणि विचारले तेवढेच बोलावे, एवढे पथ्य पाळले तर घाबरण्याचे कारण उरत नाही.

एवढे सगळे करूनही संदर्भतपासणीला मी निवडीत दुय्यम स्थानच देते. श्मिट आणि हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पुढील कामगिरीशी संदर्भतपासणीचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.२६ निघाला, तर आखीव प्रश्नांच्या मुलाखतीचा ०.५१. हे आकडे शिक्षकांपुरते नाहीत आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्यांत दुरुस्त्या सुचवल्या आहेत, पण क्रम मला अनुभवाशी जुळणारा वाटतो. त्यामुळे डेमो लेक्चर आधी, आणि तेही आपल्याच शिक्षकांना विद्यार्थी बनवून नव्हे, तर खऱ्या वर्गावर; फोन त्यानंतर, म्हणजे डेमोत पडलेले प्रश्न फोनवर विचारता येतात. प्रत्येक उमेदवारासाठी तेच चार-पाच मूळ प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत. दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत दुपारी साडेबाराच्या सुमारास, एक शाळा सुटताना आणि दुसरी भरताना, फोन करू नये. त्या वेळी देवही ‘छान आहेत’ एवढेच म्हणेल.

आमच्याकडून कोणी सोडून जाते तेव्हा आता आम्हीच एक पानाचा दाखला न मागता देतो. कोणत्या पातळीचे वर्ग घेतले, आठवड्याला किती तास, वर्ग कोणी आणि कोणत्या महिन्यांत पाहिला, त्या वेळी काय दिसले, आणि अधिक माहितीसाठी कोणाला कोणत्या वेळेत फोन करावा, एवढेच त्यात असते. ‘मनमिळाऊ आणि कष्टाळू’ हे शब्द त्यात नसल्याने एक-दोघांनी नाराजी व्यक्त केली आहे. त्यांना ते वेगळ्या पत्रावर लिहून दिले.