व्हॅनच्या खिडक्या आणि माझा शहाणपणा

आमची कॅम्पर व्हॅन (आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) मुंबईत वर्सोव्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, समुद्र दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे आठ दिवस हात लावला नाही की खिडक्यांवर खारट चिकट थर बसतो, बोट फिरवलं की रेघ उमटते. मागच्या वर्षी मी शहाणपणा करून घरातला काचा पुसायचा स्प्रे मारला, कोरड्या फडक्याने खसाखसा घासलं आणि महिन्याभरात कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा! अहो, त्या खिडक्या बहुतेकदा काचेच्या नसतातच, अ‍ॅक्रिलिकच्या म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या दुहेरी शीटच्या असतात, स्प्रेतलं अमोनिया नाहीतर स्पिरिट लागलं की संपलं. आता आधी भरपूर पाणी ओतून मीठ-धूळ वाहून जाऊ देतो, मग सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ मायक्रोफायबर, बास.

खिडकीच्या कडेच्या रबरी पट्टीला, म्हणजे बीडिंगला, सिलिकॉन स्प्रे. बाबा म्हणाले खोबरेल लाव, लावलं, दोन दिवसांत सगळी धूळ तिथेच.

खरी डोकेदुखी टपावरची. मे महिन्यात शिडी लावून व्हेंटच्या (हवा खेळायच्या झडपेच्या) कडेचं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, नखाने दाबून बघायचं, कडक होऊन तडकलं असेल तर पूर्ण खरवडून काढायचं, जुन्यावर नवा थर थापला की तो धरत नाही आणि जुलैत पाणी बरोब्बर गादीवर. (वॉचमनकाका खालून विचारतात, "साहेब, घर शाकारताय का?")

ऑनिंग, म्हणजे व्हॅनच्या बाजूला उघडायचं गुंडाळीचं कापडी छत, मात्र पावसाळ्यात मी उघडतच नाही, ओली गुंडाळली की काळी बुरशी येते आणि इथे वाळवणार कुठे, आमच्याकडे चड्ड्या वाळत नाहीत.