तळघरात राहून छपराचं बिल

मागच्या आठवड्यात दाराच्या टपालफटीतून एक पत्र आत पडलं. इमारतीचं छप्पर गळतंय, स्लेट (छपरावरच्या पातळ दगडी फरश्या) आणि शिशाचे पत्रे बदलावे लागतील, बहुतेक घरांनी होकार दिलाय, तुमचा हिस्सा अमुक पौंड. खाली सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजींची सही. गळतंय त्यांच्याकडे. मी राहते एडिनबराच्या न्यू टाउनमध्ये रस्त्याच्या पातळीच्याही खाली, आणि आम्हा दोघींच्या मध्ये अख्खी इमारत.

दादाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अगं, पाणी तुझ्या डोक्यावर पडतंय का? मग तू कशाला पैसे देतेस? वरच्यांचं वरचे बघतील की."

गिरगावात वाढलेल्या कुणालाही हेच सुचेल. पण स्कॉटलंडमध्ये अनेक मालकांची घरं असलेल्या इमारतींसाठी 2004 सालचा टेनमेंट कायदा आहे आणि त्यात ही पळवाट नाही. जुन्या खरेदीखतात वेगळं काही लिहिलं असेल तर ते चालतं. नसेल तर छप्पर, पाया, बाहेरच्या भिंती यांचा खर्च सगळ्यांचा. निर्णय बहुमताने, एका घराला एक मत. एकदा बहुमत झालं की विरोधात मत देणाराही पैसे देतो. खर्च समसमान, सगळ्यात मोठं घर सगळ्यात लहान घराच्या दीडपटीहून मोठं असेल तरच क्षेत्रफळाप्रमाणे. तातडीचं काम असेल तर कुणीही एकटा माणूस कारागीर बोलावू शकतो आणि नंतर बाकीच्यांकडून हिस्सा मागू शकतो. प्रत्येकाने घराचा विमा काढलाच पाहिजे, आणि शेजारी "तुमची पॉलिसी दाखवा" असं लेखी मागू शकतो. कल्पना करा, आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी शेजाऱ्याकडे पॉलिसी मागितली तर काय होईल.

ग्लासगोत बहुतेक इमारतींना फॅक्टर असतो, म्हणजे पगारी व्यवस्थापक. एडिनबरात पुष्कळ जुन्या इमारतींना तो नसतोच. त्यामुळे ही सगळी पत्रापत्री, तीन तीन अंदाजपत्रकं, मतं गोळा करणं, हे शेजारीच करतात. आमच्याकडे ते काम वयाची ऐंशी ओलांडलेल्या आजी करतात, आणि अशा चोख करतात की बँकेतल्या माणसाने शिकावं.

स्लेटचंही एक प्रकरण आहे. इथल्या छपरांवरची स्लेट बरीचशी स्कॉटलंडच्याच खाणींतली. बालाहुलिशची मोठी खाण 1955 मध्ये बंद पडली आणि आज स्कॉटिश स्लेट नव्याने निघतच नाही. मग एक तर पाडलेल्या इमारतींवरून उतरवलेली जुनी स्लेट वापरायची, नाहीतर बाहेरून जुळणारी आणायची. दगडाच्या सांध्यांतही चुना भरायचा, सिमेंट नाही. सिमेंटने ओल आत कोंडते आणि वालुकाश्म सोलपटत जातो. कमी पैशातलं काम इथे शेवटी दुप्पट महाग पडतं, म्हणून माझ्या बिलाचा आकडा मी इथे लिहीत नाही. आईही हे वाचते.

आता सगळे म्हणतील, बघा, गोऱ्यांना जुन्याची किंमत आहे, आपल्याला नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. गिरगावच्या माणसाला जुन्याची किंमत नव्हती असं नाही. मुंबईत भाडी 1940 च्या पातळीवर धरली गेली आणि 1947 च्या भाडेकायद्याने ती तशीच राहिली. आमच्या खोलीचं महिन्याचं भाडं आईच्या चहापावडरीपेक्षा कमी होतं. एवढ्या भाड्यात मालक छप्पर शाकारणार कशाला? आणि भाडेकरू तरी कशाला खर्च करेल, भिंत त्याची नाहीच. म्हणून 1969 मध्ये सरकारी दुरुस्ती मंडळ आलं, दुरुस्तीसाठी उपकर आला, टेकू लागले, आणि ते टेकू लावूनच एक पिढी म्हातारी झाली. इथे आजी वरच्या मजल्याच्या मालकीण आहेत, मी तळाची. आम्हा दोघींनाही घर विकायचं झालं तर छपराची अवस्था कागदावर येणार. प्रेम वगैरे नंतर.

शिवाय वारसा जपायची अक्कल फक्त यांनाच आहे असंही नाही. एडिनबराचं ओल्ड टाउन आणि न्यू टाउन जागतिक वारसा यादीत गेलं 1995 मध्ये. त्याच वर्षी मुंबईने वारसा इमारतींसाठी नियम केले, देशात पहिल्यांदा. नियम पाळले किती, हा वेगळा विषय, त्यावर मी आत्ता बोलत नाहीये.

कागदाचा विषय निघालाच आहे तर खरेदीबद्दल. इथे 2008 च्या डिसेंबरपासून विकणाऱ्याला होम रिपोर्ट, म्हणजे घराच्या अवस्थेचा अहवाल, द्यावा लागतो. त्यात सर्वेक्षकाने प्रत्येक गोष्टीला 1 ते 3 गुण दिलेले असतात, 3 म्हणजे तातडीने दुरुस्ती हवी. ते वाचून मन खचतं, पण निदान फसवणूक तरी होत नाही. पुढे मात्र जुगार. किंमत "अमुकच्या वर" अशी लिहितात, तारीख ठरते, आणि सगळे बंद लिफाफ्यात आकडे देतात. दुसऱ्याने किती लिहिलं हे कळत नाही. बँक कर्ज देते ते होम रिपोर्टमधल्या मूल्यांकनावर. त्याच्या वरचे पैसे स्वतःच्या खिशातून रोख. आणि हे नीट वाचा: तुमच्या नावावर जगात कुठेही दुसरं घर असेल आणि तुमच्या हिश्शाची किंमत 40,000 पौंड किंवा जास्त असेल, तर इथल्या खरेदीवर जादा कर लागतो. 5 डिसेंबर 2024 पासून तो पूर्ण किमतीच्या 8 टक्के आहे. जुनं राहतं घर विकून त्या जागी नवं घेत असाल तर गोष्ट वेगळी. ठाण्याच्या फ्लॅटवर बाबांनी प्रेमाने तुमचं नाव घातलं असेल, तर सही करण्याआधी वकिलाला ते सांगा.

खिडक्यांचा त्रास मात्र खरा आहे. वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या, एकेरी काच, आणि जानेवारीत त्यातून आत येणारं वारं. प्लास्टिकच्या चौकटी बसवायची सोय नाही. वारसा म्हणून नोंद झालेल्या इमारतीत परवानगीशिवाय असा बदल करणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, आणि ही नोंद आतल्या भागालाही लागू असते. म्हणजे छताची नक्षीही तुमची असून तुमची नाही. मी पहिल्या हिवाळ्यात घरात टोपी घालून बसत होते. मग कळलं की जुन्या लोकांनी खिडकीला आतून लाकडी झडपा उगाच नव्हत्या लावल्या. मोजमापात त्या रात्री बंद केल्यावर काचेतून जाणारी उष्णता जवळपास निम्म्याने कमी होते. मूळ खिडकीच्या आतून दुसरी काच लावली तर आणखी फरक पडतो, आणि ती सहसा चालते.

एक गोष्ट मला अजून पचत नाही. समोर क्वीन स्ट्रीटची सुंदर बाग आहे, तिला कुलूप. किल्ली आजूबाजूच्या वर्गणी भरणाऱ्यांकडे. न्यू टाउनची आखणी करणाऱ्या जेम्स क्रेगच्या 1767 च्या आराखड्यात चौक आणि मोकळी जागा आहे म्हणून जग कौतुक करतं, आणि त्या रस्त्यावरून जाणारं पोर गजांतून आत बघतं. आमच्या चाळीच्या अंगणात कुणाचंही पोर खेळायचं. मी वर्गणी भरत नाही. छपराचे पैसे भरले आहेत, ते पुरे.

हे सगळं दादाला ऐकवून झाल्यावर तो म्हणाला, "छान. आता आपल्या चाळीचा बिल्डर आलाय. पाडून बावीस मजले करतोय, आपल्याला मालकीचा फ्लॅट देतोय. भाडेपावती आईच्या नावाची आहे, पण घरातल्या सगळ्यांची संमती हवी म्हणतो. तू तर आता वारसावाली."

मी त्याला विचारलं, संडास घरात आहे ना? लिफ्ट मोठी आहे ना, आईची व्हीलचेअर मावेल अशी? कॉर्पसची, म्हणजे बिल्डर रहिवाशांना देतो ती एकरकमी रक्कम, करारात लिहिली आहे ना?

आहे म्हणाला. मग कागद पाठव म्हटलं, सही करून स्कॅन करते.