बी350 बोर्डावर रायझन 5700एक्स : माझा अनुभव

प्रोसेसर बदलणं हे खरं तर अर्ध्या तासाचं काम. माझा वेळ खाल्ला तो बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने, आणि तो राग अजून गेलेला नाही.

माझ्या बी350 चिपसेटच्या, म्हणजे एएमडीच्या 300 मालिकेतल्या, मदरबोर्डावर 2017 चा रायझन 5 1600 होता, त्या जागी झेन 3 या नव्या पिढीचा 5700एक्स हवा होता. एएमडीने 2020 मध्ये आधी जाहीर केलं होतं की झेन 3 फक्त 500 मालिकेच्या बोर्डांवर चालेल. लोकांनी ओरड केली तेव्हा 400 मालिकेला मुभा मिळाली. आमच्या 300 मालिकेची पाळी आली थेट 2022 मध्ये. कारण बायोस (बोर्ड सुरू करणारा मूळ प्रोग्राम) साठवणाऱ्या चिपचं: जुन्या बऱ्याच बोर्डांवर ती 16 एमबीची, सगळ्या पिढ्यांचा कोड मावत नाही. पण मनात आणलं की जुन्या प्रोसेसरचा कोड काढून जागा होते, हेही दिसलंच.

मुभा एएमडीची, नव्या बायोसची फाइल मात्र बोर्ड कंपनीने द्यायची. सपोर्टच्या पानावर महागड्या बोर्डांना नवा बायोस आलेला, माझ्या मॉडेलपुढे जुनीच आवृत्ती. मेल केला की ठरलेलं उत्तर : वेबसाइट पाहत राहा. मॉडेल नंबर, बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली रिव्हिजन, फोटो, सगळं पाठवलं. पुन्हा तेच वाक्य. शेवटी फाइल आली ती 'बीटा' म्हणून, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की आधी मधली आवृत्ती टाका, मगच ही; नंतर मागे फिरता येणार नाही. ज्या सूचनेवर अख्खं बोर्ड अवलंबून, ती ठळक छापायला काय जातं?

फ्लॅश करताना, म्हणजे नवा बायोस चढवताना, जुना प्रोसेसरच बोर्डावर असू द्या. पेनड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला हवा. नंतर स्क्रीन बराच वेळ काळी राहिली तरी पॉवर बटणाला हात लावू नका.

एवढं सोसूनही एएमडीच घेतला. इंटेलच्या आठव्या पिढीचं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) तेच एलजीए 1151, तरी 2017 मध्ये जुनी बोर्डं बाद झाली. इथे पाच वर्षं जुन्या बोर्डावर आठ कोर चालू झाले, याचा मला मनापासून आनंद आहे.

कूलर सरळ वर ओढू नका. एएम4 या आपल्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, कूलरखालच्या वाळलेल्या पेस्टबरोबर तो सॉकेटमधून उपटून येतो. आधी मशीन चालवून गरम करा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, मग उचला.

आणि हो, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर सगळ्यात आधी रिकव्हरी की दुसरीकडे उतरवून ठेवा. नवा प्रोसेसर दिसला की बोर्ड एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) रीसेट करू का विचारतं, आणि वाय दाबल्यावर विंडोज तीच की मागतं.